बाकीची एकशेएकोणीस

लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडा होता आणि ताईचा पाय एका जागी ठरत नव्हता. प्रयोगशाळेत तिने एकशेवीस रसायनं तपासली होती, त्यांतल्या एकाने कंपवातात मरणाऱ्या मेंदूच्या पेशी तगवल्या होत्या. ते निकामी असतं तर असा निकाल येण्याची शक्यता वीसपट कमी, म्हणजे पुरावा वीसपट त्याच्या बाजूने. वडिलांचं, अण्णांचं औषध सापडलं, हे तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. अण्णा समोर अर्धाच भरलेला कप दोन्ही हातांनी धरून बसले होते. जन्मभर शिंपीकाम केलेल्या त्या हातांना आता सुई धरवत नव्हती.

धाकटा भाऊ संख्याशास्त्रज्ञ, म्हणजे दुधात मिठाचा खडा टाकायला घरचाच माणूस. बाकीच्या रसायनांचं काय झालं, असं त्याने विचारलं. बाकीच्यांनी माना टाकल्या होत्या.

"मग त्यांची शिक्षा याला कशाला?" ताई म्हणाली.

"शिक्षा नाही गं. पुरावा वीसपट आहे, तो वीसपटच राहील. पण बघण्याआधी तुझा याच्यावर भरवसा किती होता?"

ताईला आपलेच शब्द आठवले. एकशेवीसात एखादं लागलं तरी गंगेत घोडं न्हालं, असं तीच म्हणत आली होती. इतकी दारं ठोठावली की एखादं नुसत्या वाऱ्यानेही उघडतं, हे काय तिला ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. पण आजारी माणूस घरचा असला की शहाणपण गहाण पडतं.

भावाने आधीचा भरवसा तेवढाच, एकशेवीसात एक धरला, त्याला वीसपट पुराव्याची जोड दिली आणि हिशेब केला. औषध खरं असण्याची शक्यता सातात एक.

ताईने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. तिला रडू आवरेना. रडता रडताच ती त्या आकड्याकडे बघत राहिली. निकामी म्हणून बाजूला सारलेल्या त्या एकशेएकोणिसांकडे तिने पुन्हा ढुंकूनही पाहिलं नव्हतं, आणि या एकावर किती विश्वास ठेवायचा ते त्यांच्यामुळेच कळत होतं.

अण्णांनी कप जपून खाली ठेवला.

"प्रयोगाआधी किती होतं म्हणालास?"

"एकशेवीसात एक," भाऊ म्हणाला.

अण्णा पडद्याकडे वाकले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता.

"एकशेवीसातून सातात आलो," ते हळूच म्हणाले, "आणि तू रडतेस?"