वेशीवरची पाटी

परदेशातल्या एका गावाशी मैत्रीचं नातं जपणाऱ्या जुळ्या गावांच्या मंडळासाठी उभं आयुष्य झिजवलेल्या मार्सलीनबाईंच्या कोटाला मेयरनं पदक लावलं, वाइनचे पेले फिरले आणि फीत बांधलेली भलीमोठी भेट आली. बाईंनी कागद फाडला. गावच्या वेशीवरची पाटी होती: 'जर्मनीतल्या लिंडेनरोडेचं जुळं गाव'. दर वसंतात तिकडच्या पाहुण्यांची बस येण्याआधी बाई ती स्वतः घासायच्या. "तुमच्याइतका जीव तिला कुणी लावला नाही. म्हटलं, तुमच्याच घरी राहू दे," मेयर म्हणाला. "आणि पाहुणे येतील तेव्हा?" "आता कोण येतंय, बाई? पाहुण्यांना घरी ठेवून घ्यायलाही गावात कुणी तयार नाही. मंडळ आजपासून बंद." "लहानपणी तुला पहिल्यांदा तिकडे नेलं तेव्हा वाटभर माझ्या मांडीवर ओकला होतास," बाई म्हणाल्या. सगळे हसले. घरी येऊन त्यांनी पाहुण्यांसाठी घातलेल्या बिछान्यावर पाटी आडवी ठेवली आणि लिंडेनरोडेचं नाव झाकलं जाईपर्यंत पांघरूण ओढलं.