पायांची फुली

मेम्फिसच्या रेडिओवर वर्लीनचं रॉक अँड रोल गाजत होतं, पण गावातल्या हॉलमध्ये ती आज पहिल्यांदाच वाजवत होती. गाणं रंगात आलं आणि दारात आई उभी! चर्चचा पांढरा झगा, हातात छत्री. "कार्टे, गिटार देवासाठी शिकवली होती, नाचासाठी नाही! चल घरी!" वर्लीनचा हात थबकला. मग तिने आईचंच आवडतं भजन दुप्पट वेगाने छेडलं. हॉल उसळला. आईची छत्री जमिनीवर ठेका धरू लागली, मागोमाग टाचाही. "सिस्टर ओडेसा, नाचताय की!" ड्रमवाल्याने आईला डिवचलं. "गप मेल्या! चर्चचा नियम ठाऊक नाही? पायावर पाय येऊन फुली झाली तरच तो नाच. माझे पाय सरळ आहेत, ही भक्ती!" वर्लीनने ठेका आणखी चढवला, तार तुटली तरी थांबली नाही. आईने छत्री भिरकावली, झगा उचलला आणि पायांची ठसठशीत फुली मारली.