धावपट्टीवरचे दिवे

बॉम्बहल्ल्यात मेलेल्यांच्या स्मारकशिळेवर एकतीस नावं कोरून झाली होती आणि घड्याळजीच्या बापाचं नाव त्यात नव्हतं. पाथरवट म्हणाला, उद्या दुपारपर्यंत एका नावाची जागा ठेवतो, पुढे माझा नाइलाज.

लढाईच्या काळात इंग्रजांनी गावाला लागून विमानतळ बांधला. तारेच्या कुंपणापलीकडे विमानं उभी दिसायची. उडताना कोणी पाहिली नव्हती, रात्रीच उडतात म्हणे. घड्याळजीचा बाप तिथे दिवेवाला. धावपट्टीच्या कडेने रॉकेलचे कंदील लावायचे आणि शत्रू आला की विझवायचे, असं गाव धरून चाललं होतं.

एका रात्री शत्रू आला तेव्हा दिवे जळतच होते. बॉम्ब पट्टीवर पडले, तसे वस्तीवरही पडले. बापही त्यातच गेला, पण गावाने त्याला मेलेल्यांत कधी धरलं नाही. दारू पिऊन पडला होता म्हणे. पन्नास वर्षं लेक हे ऐकत आला. गिऱ्हाईक घड्याळ द्यायचं आणि वर विचारायचं, वेळेवर चालेल ना, का तुझ्या बापासारखं?

आई म्हणायची, जाऊ दे रे, कशाला उकरून काढतोस. पण त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दफ्तरखान्यात त्याने चौदा हेलपाटे घातले.

पाथरवटाने दिलेल्या मुदतीच्या सकाळी दफ्तरदाराने जुनी फाइल उघडून वाचून दाखवली. विमानतळ खोटा होता. विमानं लाकडाची आणि कापडाची. खरा तळ सहा मैलांवर अंधारात. शत्रू आला की इथे दिवे लावायचे, म्हणजे बॉम्ब इथे पडतील, असा हुकूम. दिवेवाल्याने तो शेवटपर्यंत पाळला.

घड्याळजी तिथेच बाकावर ढसाढसा रडला. मग नक्कल घेऊन धावत सुटला. स्मारक समितीच्या अध्यक्षांचे आईवडील आणि तिन्ही बहिणी त्याच रात्री गेल्या होत्या. त्यांनी कागद दोनदा वाचला, घड्याळजीचे हात धरले आणि माफी मागितली. पाथरवटाने छिन्नी उचलली.

घरी आई शर्टाला बटण लावत बसली होती. त्याने एका दमात सगळं सांगितलं. बाबांची काही चूक नव्हती, म्हणाला.

"ठाऊक आहे मला," आई म्हणाली. "साहेबाने त्यांना आदल्या दिवशीच सांगितलं होतं, उद्या दिवे लावावे लागतील. म्हणून तर आपल्या दोघांना मामाकडे धाडलं. अध्यक्षांची आई दारात उभी होती, कुठे निघालीस म्हणून विचारत होती. मी म्हटलं, पोराला ताप आहे."