जपानी गाऱ्हाणं

पहिलं 'व्हय म्हाराजा' पांडुरंग आजोबांनी घशातच दाबलं.

पडद्यावर जपानी लोककथेचं कार्टून चालू होतं. गावात पाऊस नाही, म्हणून टकलू पुजारी दगडाच्या कोल्ह्यापुढे हात जोडून उभा. एक वाक्य म्हणायचा, थांबायचा. पुन्हा एक वाक्य, पुन्हा थांबायचा. बोलणं जपानी, खाली अक्षरं अरबी आणि इंग्रजी. आजोबांना तिन्ही सारखीच. पण हे गाऱ्हाणं आहे, हे कळायला भाषा कशाला लागते? गावी रवळनाथापुढे गावकराने मागणं मांडलं की दर वाक्याला सगळ्यांच्या आधी 'व्हय म्हाराजा' निघायचं ते आजोबांच्या तोंडून. चाळीस वर्षं.

इथे मात्र बोलायला बंदी होती. आखातातल्या जिदहफ्सच्या घरून निघतानाच नातीने, मनालीने, गाडीत बजावलं होतं. गुरुवारी शाळेत ग्रँडपेरंट्स डे. आजोबांना न्यायचं की नाही, ते आज ठरणार. थिएटरात शेजारी तिची मैत्रीण आतिका बसणार होती. गप्प राहिले तर शाळा, नाहीतर घरी बसून मालिका. आल्या दिवशी विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्याला त्यांनी 'जेवलंस काय?' विचारलं होतं, तेव्हापासून तिचा विश्वास उडाला होता.

"नॉट वन वर्ड, आजोबा."

म्हणून आजोबांनी तोंडात मूठभर पॉपकॉर्न कोंबले. पुजाऱ्याचं तिसरं वाक्य झालं. पडद्यावरचे गावकरी मिठाची गुळणी धरल्यासारखे उभे. अशाने पडेल पाऊस? चौथं वाक्य झालं.

"व्हय म्हाराजा."

पॉपकॉर्न पुढच्या बाईच्या केसांत गेले. मागच्या रांगेत कुणाच्या तरी मुलांना घेऊन आलेला कोकणातला ड्रायव्हर होता. त्याच्याही तोंडून तेच निघालं, झोपेतून उठून बोलावं तसं. आणि त्याच क्षणी पडद्यावर ढग फुटला. धो धो पाऊस.

दोन-चार पोरांनी टाळ्या वाजवल्या. थिएटरात जागा दाखवणारा अहमद टॉर्च घेऊन आला आणि ओरडलं कोण म्हणून शोधायला लागला. मनाली खुर्चीत इतकी खाली घसरली की नुसता हेअरबँड दिसत होता.

"चुकलंय गो बाय," आजोबा कुजबुजले.

हेअरबँड हलला नाही. गुरुवार गेला. आजोबांनी तोंडावर हात घट्ट दाबून धरला.

तिकडे पडद्यावर पावसात भिजून कोल्ह्याचं एक पिल्लू आजारी पडलं. शेवटच्या घटका मोजायला लागलं. पुजारी पुन्हा दगडापुढे आला, हात जोडले, एक वाक्य बोलला आणि थांबला. गावकरी गप्प.

हॉलमध्ये चुळबुळ झाली. पुढच्या रांगेतली पोरं खुर्चीवर गुडघे टेकून मागे वळली. केसांतले पॉपकॉर्न काढता काढता ती बाई वळली. दारातून अहमदही आजोबांकडेच बघत होता. आजोबांचा हात काही तोंडावरून हलेना.

आतिका मनालीच्या कानाला लागली. मनाली हळूहळू वर सरकली. तिने पिल्लाकडे पाहिलं, पुजाऱ्याकडे पाहिलं आणि आजोबांची बोटं एकेक करून तोंडावरून सोडवली.

"यल्ला, आजोबा, चला," ती म्हणाली. "ही इज वेटिंग."