खाडीतली साक्ष

मे महिन्याची सकाळ होती आणि सहलीची लाँच वाशिष्ठीच्या खाडीतून रमतगमत दाभोळकडे चालली होती. सुकाणूवर सुगंधा होती. तिच्या मागच्याच बाकावर दळवी आपल्या नव्या व्याह्यांना जुन्या बंदराच्या गोष्टी रंगवून सांगत होते.

"इथेच आमची होडी बुडाली होती," ते म्हणाले. "तांडेल दारू पिऊन तर्र! मीच चौघांना ओढून बाहेर काढलं."

सुगंधाने इंजिन बंद केलं, नांगर टाकला आणि मागे वळली.

"तो तांडेल माझा बाप होता. दारूला तो कधी शिवला नव्हता. तुमच्या साक्षीमुळे तो तुरुंगात गेला आणि तिथेच खंगून गेला. खरं काय घडलं ते आता सांगा. तोवर लाँच हलणार नाही."

दळवी भडकले. पोलिसांची धमकी देऊन झाली, आरडाओरडा झाला. सुगंधा जागची हलली नाही. ऊन चढलं, छताचा पत्रा तापला. अखेर व्याहीच वैतागून म्हणाले, "ती खोटं बोलत असेल, तर तिच्या डोळ्यांत बघून तसं सांगा ना!"

दळवींना मान वर करता आली नाही.

"फोटोसाठी मीच सगळ्यांना एका बाजूला उभं केलं," ते पुटपुटले. "तांडेल नको म्हणत होता. तो प्यालेला नव्हता."

व्याही उठून दूर जाऊन बसले. हे ऐकलं की आपल्या जिवाची आग शमेल, असं सुगंधाला इतकी वर्षं वाटत आलं होतं. ती शमली नाही.

"मोठ्याने बोला," ती म्हणाली. "मागे माझी आई बसली आहे. तिला कमी ऐकू येतं."