एकच पेला

गावातलं पहिलं चर्च म्हणजे मातीच्या चार भिंती आणि पाचटाचं छप्पर. भिंती म्हाताऱ्या सटवाजीनंच लिंपलेल्या. आज तिथं येशूच्या आठवणीचं पहिलं प्रभुभोजन होतं आणि द्राक्षरसाचा एकच पेला सगळ्यांत फिरणार होता.

पाळकांनी पेला पुढे करताच सटवाजी दोन पावलं मागं सरला, वाकला आणि त्यानं ओंजळ धरली. शिवाशिवीच्या गावात जन्मभर पाणी त्याला असंच वरून ओतून मिळालं होतं.

"अहो, पेला हातात घ्या," पाळक म्हणाले.

सटवाजीनं पलीकडं बसलेल्या गजराबाईकडं पाहिलं. पाटलाची सून ती. तिच्याच विहिरीवर तो ओंजळ धरत आला होता. "माझ्या मागनं बाईंना प्यायचंय. उष्टा कसा करू?"

मग गजराबाई उठली. पाळकांच्या हातून पेला घेऊन तिनं त्याच्या ओठांना लावला.

"प्या, बाबा," आजवर त्याला 'सटव्या' म्हणणारी ती म्हणाली. "मला बी तहान लागलीया."

तो एक घोट प्याला. पेला न पुसताच तिनं तोंडाला लावला.

सटवाजीची ओंजळ मात्र अजून तशीच धरलेली होती. ती सोडायची कशी, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.