मे महिन्यातला सिग्नल

फ्रिस्कोत आमच्या शेजारी राहणाऱ्या अनंतकाकांच्या बॅकयार्डात दहा फुटांची जुनी डिश आहे. सगळं जग स्ट्रीमिंगवर गेलं, पण काका हटले नाहीत. फक्त दर मे महिन्यात त्यांचा सिग्नल जायचा. मग ते फोनवर कंपनीची खरडपट्टी काढायचे आणि वसुधाकाकू मागून म्हणायच्या, "सोडू नका त्यांना!"

काल कंपनीचाच फोन आला. गिऱ्हाईकं उरली नाहीत, त्यामुळे महिनाअखेर सर्व्हिस बंद. हवं तर डिश फुकट काढून नेऊ, म्हणाले.

"न्या," काका हताशपणे म्हणाले.

"अजिबात नाही!" काकू किचनमधून धावत आल्या. "डिश इथेच राहील."

काकांचे डोळे भरून आले. "तुझाही इतका जीव होता तिच्यावर?"

"जीव कसला? खाली काही वाळत घातलं की खारी फस्त करतात," काकू म्हणाल्या. "आता निदान कुरडया वाळल्या की डिश परत त्या सॅटेलाइटकडे वळवून ठेवायची कटकट तरी गेली!"